शिवेवरची ओटी

“हितं देवी कुठं हाय?” आजीनं विचारलं, तेव्हा आम्ही अमृतसरच्या युद्धसंग्रहालयाच्या अंगणात एका रणगाड्यासमोर उभे होतो. माहिती सांगणारे सरदारजी त्याच्या तोफेचा पल्ला सांगण्यात अगदी रंगून गेले होते. त्यांना मराठी येत नव्हतं. आजीला हिंदी येतं, असं आजीचं मत होतं. तेव्हा तिनं तोच प्रश्न पुन्हा हिंदीत केला, “भाऊ, वो सब ठीक है. लेकिन देवी किधर बैठती है?”

सरदारजी भले माणूस. त्यांनी हात जोडून सांगितलं की माताजी, हे संग्रहालय आहे, इथं देवी नाही. शहरात मोठं मंदिर आहे, रिक्षावाला नेऊन सोडेल. आजी म्हणाली, शहरातली नको, शिवेवरची पाहिजे. मग सरदारजींनी माझ्याकडे बघितलं. मी आजोबांकडे बघितलं. आजोबा रणगाड्याकडे बघत राहिले.

हा सगळा घोळ एकाहत्तर सालच्या लढाईत सुरू झाला होता. तेव्हा आजीचं नुकतंच लग्न झालेलं. नवरा म्हणजे आमचे आजोबा, शिपाई सर्जेराव निकम, फौजेत टेलिफोनच्या तारा ओढायचे. हळद निघायच्या आत त्यांना बोलावणं आलं आणि ते पंजाबच्या सीमेवर गेले. रेडिओवर रोज लढाई, आणि यांची खुशाली काही कळेना. आमच्या कोरेगावकडच्या गावात शिवेवर जाखाई आहे. प्रत्येक गावाच्या शिवेवर कुणी ना कुणी असतंच. कुठं जाखाई, कुठं जोखाई, कुठं म्हसोबा. बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. आजी जाखाईला गेली, आणि ऐन हात जोडल्यावर तिच्या डोक्यात आलं की आपली जाखाई गावाच्या हद्दीबाहेरचं कशाला बघेल? नवरा तर देशाच्या शिवेवर आहे. एवढ्याशा गावाला एक देवी, तर एवढ्या मोठ्या देशाच्या शिवेवर केवढी मोठी बसली असेल! तेव्हा तिनं नवस त्या न पाहिलेल्या देवीला बोलला. माझा माणूस धड परत येऊ दे, मी स्वतः येऊन तुझी ओटी भरीन.

माणूस धड परत आला. पुढं हवालदार झाला, पेन्शनीत निघाला, नातवंडं झाली, गुडघे गेले. नवस तेवढा राहिला. आजोबा दर दोन-तीन वर्षांनी म्हणायचे, “अंजिरे, जाऊन येऊ या एकदा, देवाचं ठेवू नये.” आणि आजीचं प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. कधी पेरणी, कधी म्हैस व्यायला झालेली, कधी कुणाचं लग्न. म्हैस विकली त्या वर्षी आम्हाला वाटलं, आता सुटलो. तर तिनं शेळी घेतली.

आणि मग त्या फेब्रुवारीत ती अचानक म्हणाली, “चला. नवस फेडायचा.”

आता माझंही सांगायला हवं. त्याच आठवड्यात माझा भरतीचा निकाल लागला होता. सीमेवर पहारा देणाऱ्या दलात माझी निवड झाली होती आणि होळी झाली की ट्रेनिंगला जायचं होतं. आई रडली. बाबा आधी गप्प बसले आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन गप्प बसले. आजोबांनी गल्लीत पेढे वाटले आणि मला सॅल्यूट कसा करतात ते दाखवताना कोनाड्यातली चिमणी फोडली. आजी मात्र एक शब्द बोलली नाही. चहा द्यायची तोही माझ्याकडे न बघता. मी मागं लागले, तेव्हा म्हणाली, “ह्या घरात एकानं वर्दी घातली ती पुरे झाली.” त्यानंतर तिसऱ्या दिवशी हे पंजाबचं निघालं. सगळ्यांना वाटलं, विषय टाळायला म्हातारीनं यात्रा काढली. बाबांनी तिकिटं काढली आणि दोघांच्या रखवालीला मला जोडून दिलं. गाडीत दोन दिवस आजी माझ्याशी फक्त पाण्याच्या बाटलीबद्दल बोलली.

तर संग्रहालय. आत एका काळोख्या दालनात लढाईचा देखावा होता. खुर्च्या हलायच्या, चहूकडून तोफा धडधडायच्या, मधूनच धूर यायचा. पहिला बाँब पडला तशी आजीनं माझा दंड पकडला. दुसऱ्याला डोळ्यांना पदर लावला. एवढ्यात तिच्या पलीकडून घोरण्याचा आवाज यायला लागला. आजोबा गार हवेत खुर्चीला टेकून स्वस्थ झोपले होते. दिवे लागल्यावर आजीनं त्यांना ढोसून उठवलं.

“लढाईत पण असंच झोपत होता का?”

“व्हय,” आजोबा म्हणाले. “दमल्यावर माणूस झोपतो.”

मला आजीचा चेहरा दिसला. इतकी वर्षं ही बाई त्या लढाईसाठी जागी राहिली होती आणि तिथं तिचा नवरा झोपत होता, हे तिला आज कळत होतं.

बाहेर आल्यावर आजोबांनी तोडगा काढला. गुडघे दुखत होते, भूक लागली होती. ते म्हणाले की देवी काही दिसत नाही, तर ह्या रणगाड्याचीच ओटी भरून टाक, शेवटी लढाईचंच तर आहे. आजीनं विचार केला. पिशवीत हातही घातला. मग खात्री करून घ्यावी म्हणून सरदारजींना विचारलं की ही गाडी आपलीच ना. त्यांनी छाती फुगवून सांगितलं, “नहीं माताजी, दुश्मन से छीना हुआ है.”

आजीनं पिशवीतून हात काढून घेतला. “ह्याला कशाला? हा हरलाय.”

जेवून आम्ही सीमेकडे निघालो. तिथं रोज संध्याकाळी दोन्हीकडचे झेंडे उतरवायचा सोहळा असतो, त्याला सगळा देश लोटतो. सीमेच्या अलीकडे गाडी थांबली आणि ड्रायव्हरनं सांगितलं की पिशव्या आत नेता येत नाहीत, सगळं गाडीतच ठेवा. आजी खाली उतरली, गाडीच्या आडोशाला गेली आणि पाच मिनिटांनी रिकामी पिशवी ड्रायव्हरकडे देऊन निमूट चालायला लागली. ही एवढी निमूट कशी, असं मनात आलं तेवढ्यात मला दिसलं की आजोबांचं पोट सुटलंय. सकाळपर्यंत आजोबांना पोट नव्हतं.

“आजोबा, स्वेटरमध्ये काय आहे?”

“तुझ्या आजीला विचार.”

आजीनं चालता चालताच हिशेब दिला. नारळ त्यांच्याकडे, तांदूळ पदरात बांधलेले, खण कमरेला, सुपारी-हळकुंड-खारीक-बदाम कनवटीला आणि हळदीकुंकवाची पुडी अशा ठिकाणी की तिथं कुणाची हात घालायची छाती होणार नाही. ज्या दलात मी महिन्याभरात भरती होणार, त्याच दलाच्या पहाऱ्यातून माझे आजी-आजोबा चोरून नारळ नेत होते आणि मी त्यांच्या मधोमध चालत होते. मी म्हटलं, आजी, माझी नोकरी जाईल. आजी म्हणाली, “गेली तर गेली.” तिचा तो सूर ऐकून मला रडू यायला लागलं होतं.

पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. पलीकडच्या रांगेतला जवान आजोबांच्या अंगावरून हात फिरवत खाली आला आणि पोटाशी थांबला. त्यानं बोटानं ठोकून बघितलं. टणक आवाज आला.

“बाबाजी, ये क्या है?”

आजोबा सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “पोट.”

नारळ निघाला. जवानानं तो कानाशी धरून हलवला, दुसऱ्याला दाखवला, त्यानंही हलवला. शेवटी फेकून मारता येण्यासारखी वस्तू, असं ठरून नारळ बायकांच्या बाजूच्या टेबलावर गेला. तिथं आधीच पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, पावडरीचे डबे असा ढीग पडला होता. टेबलापाशी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी एक शिपाई उभी होती. सावळी, उंच, छातीवर नावाची पट्टी: एस. मिंज. ती झारखंडची, हे नंतर कळलं. तिनं आजीची झडती घ्यायला सुरुवात केली आणि वस्तू निघतच राहिल्या. एक सुपारी निघाली, हळकुंड निघालं, मग खारीक. कमरेचा हिरवा खण उलगडून बघताना तिला हसू आवरेना, पण ती तोंड कडक ठेवून विचारत होती, ये किसलिए, वो किसलिए. आजी एकच उत्तर देत होती, “देवी का.” मग मिंजनं मला विचारलं की ही कोण तुमची. मी म्हटलं, आजी. मग विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, काही नाही.

खण, तांदूळ आणि बारीकसारीक तिनं आजीला परत दिलं. नारळ तेवढा ठेवून घेतला. जाताना न्या, म्हणाली.

आत गेल्यावर आजीनं सोहळा बघितलाच नाही. ती देऊळ शोधत होती. समोर दोन फाटकं, एक आपलं आणि एक त्यांचं. दोन झेंडे, दोन्हीकडे माणसांनी भरलेल्या पायऱ्या आणि लांबवर गेलेलं काटेरी तारांचं कुंपण. त्यापलीकडे गव्हाची शेतं, आमच्याकडे असतात तशीच, फक्त सपाट. आजीनं कपाळावर हात धरून सगळीकडे बघितलं, आणि मग एकदम खाली बसली.

“एवढी मोठी शीव,” ती म्हणाली, “आन् शेंदराचा एक दगडसुद्धा न्हाई.”

मला इतकं वाईट वाटलं. एवढ्या वर्षांपूर्वी गावच्या शिवेवर उभ्या असलेल्या त्या कोवळ्या पोरीनं ज्या देवीला हाक मारली होती, ती देवीच नव्हती. मी म्हटलं, आजी, इथं बंदोबस्तच इतका आहे की देवीची गरज लागत नसेल. असल्या वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो. 

तेवढ्यात बिगूल वाजला आणि आपल्या बाजूनं दोन बायका संचलन करत फाटकाकडे निघाल्या. वर्दी, डोक्यावर तुरा, बूट असे आपटत होत्या की पायऱ्या थरथरल्या. लोक ओरडायला लागले. आजोबा गुडघे विसरून उठले आणि सॅल्यूट ठोकून उभे राहिले, ते शेवटपर्यंत. आजी मात्र टक लावून त्या दोघींकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं की ह्या फक्त नाचापुरत्या येतात का. मी सांगितलं, नाही, ह्या खऱ्याच पहारेकरी. कुंपणावर ड्यूटी असते.

“रात्रीच्याबी?”

“रात्रीच्याही.”

“थंडी-पावसात?”

“हो.”

“आन् तू हेच करणार.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून माझ्या नोकरीबद्दल बोलली होती. मी मान हलवली. झेंडे उतरले, फाटकं लागली, माणसं उठायला लागली. आजी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, “मला त्या नारळवालीकडं ने.”

मिंज टेबलापाशीच होती. तिच्यामागं खुर्चीवर पिकल्या मिशांचे एक साहेब बसले होते. मिंजनं ओळखून नारळ पुढं केला. आजीनं घेतला नाही. ती मला म्हणाली की हिला सांग, मला हिची ओटी भरायची आहे. मी थिजले. पण सांगितलं. आजोबांच्या लढाईपासून, जाखाईपासून, जमेल तेवढं हिंदीत सांगितलं. माझी निवड झाल्याचंही बोलून गेले, कारण लपवायला आता काही उरलं नव्हतं. मिंज ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “ड्यूटी पे कुछ ले नहीं सकते, अम्मा.” आजी म्हणाली, मग ड्यूटी संपेपर्यंत थांबते. मिंज म्हणाली, चालेल. आजीनं लगेच स्वतःच मोडता घातला. ड्यूटी संपल्यावर तू नुसती पोरगी, मग तुझी ओटी भरून काय उपयोग? मला शिवेवरची पाहिजे.

मिंजनं मागं वळून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला, नारळाकडे बघितलं, सावधानमध्ये उभ्या आजोबांकडे बघितलं. मग ते एकदम दरडावून म्हणाले की ह्या माताजीकडे झडतीत संशयास्पद वस्तू सापडल्या होत्या, त्या परत कुणी दिल्या? सगळ्या जप्त करा. आत्ताच्या आत्ता.

मिंजला कळलं. तिनं डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांनी उलटी धरली आणि कडक आवाजात म्हणाली, “अम्मा, जो जो छुपाया है, सब निकालो.”

आजीनं सगळं काढलं. आधी तो हिरवा खण टोपीत पसरला. त्यावर तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम एकेक करून घातले. नारळ शेंडी तिच्याकडे करून वर ठेवला. मग त्या कुणी हात न घालण्याच्या जागेतून पुडी काढली. मिंज एवढी उंच, आजी एवढीशी. साहेब खुर्चीतून म्हणाले, “वो पाउडर भी चेक करो.” मिंज वाकली आणि आजीनं तिच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं. आजी नमस्काराला खाली वाकायला लागली, तेव्हा ती पोरगी घाबरून मागं सरली, पण आजीनं तिच्या बुटांना हात लावलाच. “चार दाणे परत टाक,” आजीनं सांगितलं. मी अर्थ सांगितला. मिंजनं टोपीतले चार दाणे उचलून आजीच्या पदरात टाकले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तर होतंच.

आजी तशीच डोळे मिटून उभी राहिली. ओठ हलत होते. आजोबांनी मला खूण केली, आता हे आणि काय? पण ते पुष्कळ वेळ चाललं.

परतताना गाडीत आजोबा फार खुशीत होते. म्हणाले, “सुटलीस बाबा एकदाची. तेव्हाच आली असतीस तर माझे गुडघे तरी धड होते.”

“तेव्हा कशाला आले असते?” आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली. “नवस फेडला की देवीचा आन् आपला संबंध संपला. फिटेपर्यंत तिला तुमच्यावर नजर ठेवायलाच पाहिजे हुती. तुम्हाला काय झालं असतं तर तिची ओटी बुडाली असती.”

पेरणी, म्हैस, शेळी सगळं आजोबांच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ गेलेलं मला दिसलं.

“मग आता का फेडलास?”

“जुना फेडल्याबिगर नवा बोलता येत न्हाई,” आजी म्हणाली, आणि तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. “हिचा बोलायचा हुता.”

मी आजीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला, खूप दिवसांनी. बऱ्याच वेळानं पुढच्या सीटवरून आजोबांचा आवाज आला. अगदी बारीक.

“आन् माझं काय?”

“तुम्ही आता जपून राहा,” आजी म्हणाली. “जिना बघून उतरा.”

आजोबा अजून आहेत. गॅरंटी संपलेला माणूस आहे, असं स्वतःच सगळ्यांना सांगतात, आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून मग आजीकडेही बघतात. मी नोकरीत रुळले. वाळवंटात होते, नदीकाठी होते, आता कुंपणावर आहे. दोनदा प्रसंग अगदी जवळून गेला, ते घरी सांगितलेलं नाही. सुट्टीवर गेले की मी आजीला दर वेळी विचारते, माझ्यासाठी काय बोललीस, कुणाला बोललीस, सांग की. आता तिला ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू जातं. ती चुलीपाशी बसून हसते आणि अजून सांगत नाही.

“सांगितलं,” म्हणते, “तर फेडून मोकळी हुशील.”